हौदाचे दोन नियम

मेहकरच्या कचेरीतून हुकूम आला, की घरालगतच्या विहिरींना आणि हौदांना कठडा बांधा, फाटक लावा. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. हुकमांचा तोटा नव्हता. कोतवालाने आमच्या गावात दवंडी दिली, तेव्हा वडील ओसरीवर बसून हसले. "कठडा घातला त बैल पानी कुठं पितीन?"

आमचं घर मळ्यातच होतं. मोटेचं पाणी स्वयंपाकघरासमोरच्या दगडी हौदात पडायचं. तिथेच बैल पाणी प्यायचे, तिथेच आम्ही पोहायचो. वडिलांचे स्वतःचे दोन नियम होते आणि ते सरकारी हुकमाहून कडक आहेत, असा त्यांचा तोरा होता. पाठीला वाळका भोपळा बांधल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही. मोठ्याला विचारल्याशिवाय उतरायचं नाही.

माझी धाकटी बहीण पाच वर्षांची होती आणि हे नियम तिच्याइतके कोणीच पाळत नसे. ही गंगाळातही भोपळा बांधून बसेल, असं आम्ही तिला चिडवायचो.

त्या दुपारी वडील जानेफळला गेले होते, आई खळ्यावर होती. मी अकरा वर्षांची, मैत्रिणींबरोबर निंबाखाली सागरगोटे खेळत होते. डाव ऐन रंगात आलेला. बहीण भोपळा घेऊन आली. "ताई, बांधून दे न. मी जाऊ?" मी सागरगोटे मुठीत तसेच धरून सुंभाचा एक वेढा घातला, घाईघाईत एकच गाठ मारली. "हाव, जाय. मले तरास नको देऊ."

नुसता भोपळा पाण्यावर तरंगताना आईने पाहिला. पुढचं मी लिहिणार नाही.

आईने विचारलं, "हा कोनं बांधला होता वं?" मैत्रिणी केव्हाच आपापल्या घरी पळाल्या होत्या. मी म्हणाले, "तिनंच. मी नाही म्हनलं, तरी गेली."

तेरावा होताच वडिलांनी कठडा बांधून घेतला. स्वतः दगड वाहिले. त्यानंतर ते कुणाला नियम सांगायला गेले नाहीत.

आई मात्र भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगायची, "लय हट्टी होती माही पोर. आयकलं नाही तिनं." रागावल्याने तिचं दुःख हलकं होत असेल, अशी मी स्वतःची समजूत घालायचे. तसं काही नव्हतं. मी भ्याले होते, एवढंच.

पुढे माझं लग्न झालं, मुली झाल्या. माहेरी गेलो की आई त्यांना हौदाजवळून ओढून आणायची आणि दटावायची, "मावशीवानी हट्ट नोका करू." मुली माझ्याकडे बघायच्या. मी मान डोलवायचे.

आई तशीच, धाकटीवर रुसलेली गेली. माझ्या मुली आता आज्या झाल्या आहेत आणि आपल्या नातवंडांना त्या न ऐकणाऱ्या मावशीची गोष्ट सांगतात. तिने ऐकलं होतं. तिने मला विचारलं होतं.