दाराआडची बीडी

आई गेल्यापासून आप्पांनी बोलणंच टाकलं होतं. काही विचारलं की ‘हं’, जेवायला वाढलं की ‘बास’. त्यांना बोलतं करायचंच, असा मी हट्ट धरला आणि गेल्या वर्षी मुंबईहून निघणाऱ्या क्रूझवर बाल्कनीवाली खोली घेतली. समुद्र बघत निवांत बीडी ओढतील, चार शब्द बोलतील, एवढाच माझा बेत.

आणि खोलीत पाऊल टाकलं तर बाल्कनीच्या दारावर पाटी: धूम्रपानास मनाई! ओढायचीच तर वरच्या डेकच्या कोपऱ्यात. माझं डोकंच फिरलं. तरातरा काउंटरवर गेले. "अहो, उघडी बाल्कनी, समोर अख्खा समुद्र, धूर जाऊन जाऊन जाणार कुठं?"

शेजारच्या खोलीतली बाई मागेच उभी होती. म्हणाली, "आमच्याकडे येतो. ह्यांना दमा आहे." तरी मी दहा मिनिटं भांडलेच.

मागोमाग आलेले आप्पा म्हणाले, "कशाला तंडती? तुज्या आईनं तरी कवा घरात वढू दिली?"

खरंच की. बेलापूरला असताना साखर कारखान्यातून आले की ते मागच्या पायरीवर बीडी घेऊन बसायचे. धूर नको म्हणून आई दार लोटून घ्यायची आणि आत, दाराला टेकूनच, तांदूळ निवडायची. त्या फटीतून दोघांच्या गप्पा चालायच्या. कुणाचा ऊस तुटला, कुणाची म्हैस व्याली. एरवी घरात माणसं असली की एकमेकांशी अवाक्षर नाही. मधूनच आई विचारायची, "झाली का हो?" आप्पा म्हणायचे, "न्हाई अजून." एक बीडी इतका वेळ पुरते कशी, याचं मला लहानपणी भारी नवल वाटायचं.

आप्पा वर जाऊन पाच मिनिटांत परत आले. "समदी मोबाईलात. बोलायला कोन न्हाई." बीडी तशीच हातात, न पेटवलेली. ती घेऊन बाल्कनीत बसले. मी शेजारी बसायला गेले, तर म्हणाले, "तू आत बस. दार लोटून घे जरा."

आधी रागच आला. एवढं करून मलाच हाकलतात! मग कळलं. बारीक फट ठेवून मी दार लोटलं आणि आतून, काचेला टेकून, खाली बसले.

बाहेरून ते बोलायला लागले. "तिला शेवटी पायरीवर बसायचं हुतं. मी म्हनलं, थंडी हाय. बसू द्यायला पायजे हुतं गं."

माझे डोळे वाहत होते. ते गप्प झाले, तशी मी घाबरले. पुन्हा ‘हं’वर गेले तर? दाराच्या फटीतून विचारलं, "झाली का, आप्पा?"

"न्हाई अजून," ते म्हणाले.