अधिक तीन, उणे दोन

खरी वेळ जगात एकाच ठिकाणी असते, आमच्या हिच्या मामांच्या डाव्या मनगटावर. बाकी सगळीकडे नुसता अंदाज असतो, असं मामांचं मत आहे आणि वेल्हे तालुक्यात त्याला आजवर कुणी हरकत घेतलेली नाही. एक तर मामांनी उभी नोकरी वेल्ह्याच्या बाजूच्या एका शाळेत घंटा वाजवण्यात घालवली, त्यामुळे त्या खोऱ्यातला निम्मा माणूस त्यांच्या ठोक्यावर वर्गात बसला आणि त्यांच्याच ठोक्यावर सुटला. दुसरं असं की त्यांच्याशी वाद घातला तर वादाला किती वेळ लागला हेही ते शेवटी सांगतात, आणि तो आकडा ऐकला की माणसाला आपलीच लाज वाटते. माझ्या लग्नात नवऱ्या मुलाचा टेम्पो कापूरहोळला पंक्चर झाला होता. मी मांडवात पोचलो तेव्हा भटजी घामाघूम, सासरे चिंतेत आणि मामा बोहल्याशेजारी मनगट डोळ्यांसमोर धरून उभे. त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, मुलं कॉलेजला गेली, पण मामा अजून माझी ओळख त्याच शब्दांत करून देतात. "हे आमचे भोरचे जावई. सत्तेचाळीस मिन्टं वीस सेकंद."

घड्याळ चावीचं आहे, सेल-बिल काही नाही. मामांनी पहिल्या पगारात ते घेतलं आणि मग त्या महिन्यात घरी काय खाल्लं हे मामी कधी सांगत नाहीत. तबकडी एके काळी पांढरी होती, आता सायीच्या रंगाची झाली आहे; सेकंदकाटा तेवढा लाल आहे. मामांना नुसतं "किती वाजले" असं विचारू नये. ते आधी विचारणाऱ्याकडे बघतात, या माणसाला खरी वेळ झेपेल का याचा अंदाज घेतात, आणि मग सांगतात, "दहा सव्वीस आन् चौदा. आजचे तीन सेकंद त्यातनं काडा." एसटीची वाट बघणाऱ्या माणसाला यातलं काही नको असतं. पण फाट्यावर उभी असलेली माणसं मुकाट्याने तीन सेकंद काढतात.

मामांची सकाळ या घड्याळाभोवती फिरते. सहा पस्तीसला घड्याळ देवाच्या फळीवर ठेवून ते न्हाणीत जातात, कारण पाण्याचा एक थेंब आत गेला तर संपलंच. आंघोळीला अकरा मिनिटं. सहा सेहेचाळीसला बाहेर. मग चहा. सातच्या बातम्यांआधी रेडिओवर वेळेचे ठोके पडतात, त्या वेळी मामा घड्याळ डोळ्यांशी धरून बसतात आणि शेवटच्या ठोक्याला लाल काटा कुठे होता ते वहीत लिहितात. अधिक तीन. उणे दोन. अधिक चार. ते झालं की चावी, मोजून चोवीस वेढे. चावी देताना त्यांच्याशी कुणी बोलत नाही. एकदा आंबवड्याचे एक पाहुणे बाराव्या की तेराव्या वेढ्याला दारात येऊन "रामराम" म्हणाले. मामांची मोजणी चुकली. एक वेढा कमी गेला की जास्त, हे कळायला मार्ग नव्हता. पाहुण्यांचा पाहुणचार व्यवस्थित झाला, कोंबडी कापली, पण मामा दिवसभर त्यांच्याशी उभं पीक तुडवणाऱ्याशी वागावं तसे वागले.

घड्याळालाही माणसासारख्या झोपायच्या सवयी असतात, हा मामांचा शोध. उताणं ठेवलं की पुढं पळतं, कुशीवर ठेवलं की मागं राहतं. म्हणून दिवसभरात पळालेलं घड्याळ ते कुशीवर झोपवतात आणि रेंगाळलेलं उताणं. त्यांचा शब्द खोटा नसावा, कारण भोरच्या पेठेतल्या घड्याळवाल्यानेही मला पुढे तेच सांगितलं. मोबाईलमध्ये चुंबक असतं आणि चुंबकाने घड्याळ बिघडतं, म्हणून घरात शिरणाऱ्याने आपला मोबाईल पडवीतल्या टोपलीत ठेवायचा. टोपलीवर एक फडकं असतं. सुगीच्या दिवसांत पाहुणे जमले की ती टोपली अंडी उबवल्यासारखी आतून थरथरत असते. डाव्या हाताला हिसका बसू नये म्हणून मामा डाव्या हाताने काही करत नाहीत. ग्रामसभेत टाळ्या वाजवायची वेळ आली तर उजव्या हाताने मांडीवर वाजवतात. एका पुढाऱ्याचा त्यामुळे गैरसमज झाला होता.

पण एवढ्या सगळ्याला फळ होतं. इतकं जुनं घड्याळ, आणि वहीत वर्षानुवर्षं पाचाच्या वर आकडा नाही, अधिकही नाही, उणेही नाही. निवृत्त झाल्यापासून काट्यांना आपण हात लावलेला नाही, असं मामा शपथेवर सांगत. घड्याळ जितकं बरोबर तितके मामा ताठ, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

मामींना मात्र घड्याळाचं काही पडलेलं नव्हतं, असं आम्ही समजत होतो. त्या उंबऱ्यावरची सावली बघून भाकरी टाकत आणि भाकरी बरोबर वेळेवर होत असे, ही गोष्ट मामांना थोडी लागतच असावी. दोन वर्षांपूर्वी मामी खाचराच्या बांधावरून घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घालून लेक त्यांना पुण्याला घेऊन गेली. मामा घरी एकटे. आठच दिवसांत एका सकाळी ते पहिल्या गाडीने भोरला माझ्या दारात. दाढी वाढलेली, टोपी वाकडी. मला वाटलं मामींचं काही झालं. त्यांनी वही पुढे केली. अधिक एकेचाळीस. अधिक अडतीस. अधिक त्रेचाळीस. रोजचे एवढे सेकंद घड्याळ पुढे पळत होतं आणि सगळे मिळून पाच मिनिटांच्या वर गेलं होतं. ग्रामपंचायतीत त्यांचा डोंगरावरच्या मोबाईल टॉवरविरुद्ध अर्जसुद्धा देऊन झाला होता. ही त्यांच्यासाठी चहा घेऊन आली, तो त्यांनी घेतला नाही. दोन दिवस जेवणही नीट नव्हतं. "आता आमचं काय खरं न्हाई, जावई," एवढंच म्हणाले. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता.

पेठेतला घड्याळवाला आता पट्टे आणि सेल विकून पोट भरतो, त्यामुळे चावीचं घड्याळ बघून त्याला आनंद झाला. डोळ्याला भिंग लावून त्याने मागचं झाकण उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिला. मग तो म्हणाला की घड्याळ उत्तम आहे, बिघाड काही नाही, आणि या वयाच्या घड्याळाने दिवसाला चाळीस सेकंद पळायचं हे रीतीनेच आहे. आजवर ते तीन-चार सेकंदांत कसं राहत होतं तेच त्याला कळत नव्हतं. नंतर त्याने चावी बाहेर ओढून पाहिली, आत ढकलली, पुन्हा ओढली.

"काटे रोज फिरवता का?" त्याने विचारलं.

मामांनी निवृत्तीनंतर एकदाही नाही असं सांगितलं.

"मग दुसरं कुणी फिरवतंय," घड्याळवाला म्हणाला. "चावी नुसती द्यायची असेल तर ओढावी लागत नाही. वेळ लावायलाच ओढतात. ही ओढायची जागा पार झिजलीय. रोज, कित्येक वर्षं कुणीतरी ओढतंय."

घरात मामा आणि मामी सोडून तिसरं माणूस नाही. मला ते लगेच जुळवता आलं नाही, हे कबूल करतो. मी आपला नव्या चावीचा भाव विचारत बसलो. मामांनी मात्र वही मिटून खिशात घातली. घड्याळवाल्याने आपणहून सांगितलं की आत वेग कमी-जास्त करायची एक बारीक दांडी असते, ती केसभर सरकवली की चाळीस सेकंदांचे चार होतील, पाच मिनिटांचं काम आहे. आयुष्यभर जो माणूस एकेका सेकंदासाठी जगाशी भांडला, त्याला हे कुणीतरी आयतं देत होतं.

"नगं," मामा म्हणाले. "हाय तसं ऱ्हाऊ द्या."

घड्याळवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी मामांकडे. मामांनी घड्याळ मनगटावर चढवलं, टोपी सरळ केली आणि घरी आल्यावर चार भाकरी खाल्ल्या.

मामींचं प्लास्टर निघालं आणि त्या गावी परतल्या, तेव्हा आम्ही दोघं त्यांना बघायला गेलो आणि मुक्काम केला. मामी यायच्या आदल्या दिवशी मामांनी भोरला येऊन घड्याळवाल्याकडून काटे तेवढे बरोबर लावून घेतले होते. सकाळी सहा पस्तीसला मामांनी घड्याळ देवाच्या फळीवर ठेवलं आणि न्हाणीत गेले. ही गोठ्याकडे गेली होती. मी चुलीपाशी शेकत बसलो होतो आणि बहुतेक मी तिथे आहे हे मामींच्या लक्षात राहिलं नाही. त्यांनी भाताच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून एक मोबाईल बाहेर काढला. लेकीने दिलेला, वर मोठ्या आकड्यांत सेकंद पळत होते. फळीवरचं घड्याळ घेऊन त्यांनी चावी ओढायला सुरुवात केली. मोडून जोडलेल्या मनगटाची बोटं धड वळत नव्हती. चावी निसटायची, त्या पुन्हा नखात धरायच्या. शेवटी ओढली गेली. मग ती किंचित उलटी दाबून त्यांनी तशीच धरली, आणि लाल काटा थांबला. मोबाईलवरची वेळ घड्याळाला गाठेपर्यंत त्या तशा उभ्या होत्या, डोळे आकड्यांवर, ओठ हलत होते. मग सोडला. तेव्हा त्यांना मी दिसलो.

"त्यास्नी सांगू नगा, जावईबापू," त्या हळू म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. निवृत्तीनंतर एका वर्षी घड्याळ पळायला लागलं, तेव्हा मामा दोन दिवस जेवले नव्हते, ओट्यावर माणूस गेल्यासारखे बसून होते. नोकरीत असताना मामा घड्याळ रेडिओशी जुळवायला काटा असाच थोपवायचे, ते त्यांनी बघितलं होतं. तेव्हापासून रोज त्यांची आंघोळ चालू असताना त्या घड्याळ धरून ठेवतात. अगदी शून्य आलं तर संशय येईल, म्हणून दोन-तीन सेकंद इकडेतिकडे सोडतात. "घड्याळ म्हातारं झालं म्हनलं तर ते सोताला म्हातारं समजत्याल," मामी म्हणाल्या. "पुन्याला माजा जीव लागंना. हाताचं काय, जोडल. पर हितं रोजचे चाळीस सेकंद कोन धरनार?"

मोबाईल कणगीत गेला, घड्याळ फळीवर गेलं. मला बाईचं कौतुक वाटलं आणि मामांची कीव आली. ती कीव साधारण पाच मिनिटं टिकली. कारण न्हाणीतून मामा अजून बाहेर आले नव्हते. सहा सेहेचाळीस होऊन गेले, पन्नास झाले. माझ्या माहितीत हे कधी घडलं नव्हतं, म्हणून मी काळजीने उठून न्हाणीपाशी गेलो. दाराची फळी जराशी उघडी होती. मामा केव्हाच अंग पुसून, धोतर नेसून, दगडावर बसले होते. थंडीने कुडकुडत होते. समोर बादली उपडी. स्वयंपाकघरात मामींच्या बांगड्या वाजल्या, भांडं हललं, म्हणजे काम झालं. तेव्हा मामा उठले आणि खोकून बाहेर आले.

मी म्हटलं, मामा, आज आंघोळीला वेळ लागला.

मामांनी आत एकवार बघून घेतलं. मग माझ्या जवळ येऊन, चावीचे वेढे मोजतात तितक्या हलक्या आवाजात म्हणाले, "तिचा हात अजून बरा न्हाई."

सातला रेडिओचे ठोके पडले. मामांनी घड्याळ डोळ्यांशी धरलं, वही उघडली आणि मोठ्याने वाचत लिहिलं, अधिक तीन. "बघा," ते मामींकडे वळून म्हणाले, "इतक्या वर्साचं घड्याळ हाय. पर हाय तसं हाय." मामींनी चहाचा कप पुढे सरकवला आणि घड्याळातलं आपल्याला काय कळतंय, असा चेहरा केला. तेव्हापासून या दोघांची दोन गुपितं माझ्याकडे आहेत आणि मी ती दोन्ही सांभाळतो. खरं सांगायचं तर आमच्या घरात असं धरून ठेवण्यासारखं काय आहे, हे मी त्यानंतर पुष्कळदा शोधलं.

त्यानंतर आम्ही वर्षातून दोनतीनदा जातो. मामींचा हात पूर्वीसारखा झाला नाही, होणारही नाही असं डॉक्टर म्हणाले. आता दृष्टीही कमी झाली आहे. मी सकाळी चुलीपाशी बसतो, मोबाईल टोपलीत असल्यामुळे भिंतीवरचं घड्याळ बघतो. मामांची आंघोळ त्या वेळी सतरा मिनिटांची झाली होती, पुढच्या खेपेला एकोणीस, यंदाच्या थंडीत तेवीस. हा आकडा मामांच्या वहीत कुठेच नाही. तोरण्यावरून येणारा वारा न्हाणीच्या फटीतून आत शिरतो, गरम पाणी तर पहिल्या दहा मिनिटांतच संपलेलं असतं. तरी मधूनमधून रिकाम्या बादलीवर तांब्या आपटल्याचा आवाज येत राहतो, आत अजून आंघोळ चालू आहे हे स्वयंपाकघरात कळावं म्हणून.