काठावरचे तांबडे डाग

दारव्हा सोडून यवतमाळच्या रस्त्याला लागलं की थोड्या अंतरावर बबनरावांचं पोहायचं टाकं आहे. बबनराव कपाशी-तुरीचे शेतकरी. विहिरीला पाणी भरपूर, म्हणून त्यांनी ओलितासाठी हौद बांधला होता. उन्हाळा आला की गावची पोरं त्यात उड्या टाकायची. पोरांना हाकलून हाकलून थकल्यावर बबनरावांनी हौदच मोठा केला, आतून निळ्या फरश्या लावल्या आणि चारी बाजूंनी सिमेंटचा रुंद कोबा घातला. आता उन्हाळाभर दारव्ह्याची नोकरदार माणसं मुलाबाळांना घेऊन तिथं येतात. सकाळची वेळ बायकांची. ती बबनरावांच्या बायको बेबीताई सांभाळतात.

पोहायला शिकवायला भीमसिंग होता. जवळच्या तांड्यावरचा, कमी बोलणारा माणूस. पाण्याला भिऊन रडणारं मूल त्याच्या हातावर निजवलं की हळूहळू गप्प व्हायचं. बबनरावांना मात्र पोहता येत नव्हतं. खोल बाजूला बदामाच्या झाडाखाली खुर्ची टाकून ते दिवसभर देखरेख करायचे आणि तोंडात खर्रा असायचा. सुपारी, तंबाखू नि चुना घोटलेल्या या खर्ऱ्याची सवय त्यांना लग्नाच्या आधीपासूनची. फाटकावर त्यांनी स्वतःच पाटी लावली होती, खर्रा खाऊन आत येऊ नये. ती आपल्याला लागू आहे असं त्यांच्या कधी मनात आलं नाही. खुर्चीवरून उठून बाहेर जायचा कंटाळा, म्हणून ते वाकून काठावरच पिचकारी टाकायचे आणि वर तांब्याभर पाणी ओतायचे. पाणी वाहून जायचं. रंग कोब्यात मुरायचा.

दोन-तीन उन्हाळ्यांत खुर्चीभोवतीचा कोबा तांबडा झाला. ॲसिड टाकून घासलं तर वरचं सिमेंट निघालं आणि खडबडीत जागेत डाग आणखी गडद दिसू लागले.

बँकेत नोकरी करणाऱ्या मैत्रेयी नावाच्या बाई मुलीला पोहायला आणायच्या. एका रविवारी काठावर गर्दी असताना त्या बबनरावांजवळ आल्या आणि म्हणाल्या, मुलं इथं अनवाणी चालतात, ओल्या अंगानं बसतात, जरा बघा. बोलणं अगदी सौम्य होतं. पण आजूबाजूची माणसं मान वळवून पाहू लागली तसे बबनराव गोंधळले. भीमसिंग समोरच पाण्यात उभा होता.

"काय रे भीमसिंग, कितीदा सांगतलं तुले? इथं थुकायचं नाही म्हणून?"

भीमसिंग तंबाखूला शिवत नव्हता. त्यानं हातातली पोरगी अलगद पायरीवर बसवली. आधी बबनरावांकडे पाहिलं, मग टॉवेलांच्या दोरीजवळ उभ्या असलेल्या बेबीताईंकडे. बेबीताईंनी मान खाली घातली. तो बाहेर आला, अंग पुसलं, शर्ट घातला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी निरोप आला, की आता तो ट्रॅक्टर चालवायच्या कामाला जाणार आहे. त्याला बरं काम मिळालं असेल, असं बबनरावांनी घरात बोलून दाखवलं.

पुढच्या आठवड्यात दोघं नवरा-बायको यवतमाळला गेले. काठाला नवा थर द्यायचा, डाग दिसणार नाहीत असा, एवढं बबनरावांनी ठरवलं होतं. दुकानात रजत नावाचा तरुण होता. त्यानं सिमेंटचे रंगीत नमुने टेबलावर मांडले. गुळगुळीत चकचकीत रंग नको, ओल्या पायानं माणूस घसरतो, असं म्हणून ते नमुने त्यानं आधीच बाजूला काढले. मग एक फिकट, वाळूसारखा रंग दाखवला; पायाला थंड, पण प्रत्येक डाग उठून दिसणारा. आणि एक चॉकलेटी, काळ्या-लाल ठिपक्यांचा.

"काका, डाग कशाचे हायेत त्यावर रंग ठरते," तो म्हणाला. "झाडाच्या पानायचे, लोखंडाचे, का तेलाचे?"

तोंडात खर्रा होता, म्हणून बबनरावांनी मान वर करून कसंबसं सांगितलं, की लोकं थुंकतात. रजतला त्यात काही नवल वाटलं नाही. मग चॉकलेटी घ्या, तो म्हणाला, जुने डागही लपतील आणि पुढं कोणी थुंकलं तरी कळणार नाही. बबनरावांना तो नमुना फार आवडला. त्यांनी तो हातात धरून उजेडात पाहिला. रजतनं मापासाठी विचारलं, डाग सगळ्या काठाला आहेत की काही जागीच?

"एकाच जागी," बबनरावांकडे बोट करून बेबीताई म्हणाल्या. "यायच्या खुर्चीपाशी. लोकायचे नाहीत ते, यायचेच हायेत."

रजतनं नजर नमुन्यांकडे वळवली. बबनरावांना उत्तर द्यायचं होतं, पण तोंड भरलेलं होतं. बाहेर जाऊन थुंकावं तर दुकानाची पायरी नुकतीच पुसलेली, समोर माणसं उभी. त्यांनी सगळा रस गिळला. छातीत आग पडली, डोळ्यांत पाणी आलं, कान तापले. ठिपक्यांचा तो तुकडा अजून हातातच होता. तो कुठं ठेवावा हेही त्यांना सुचेना.

बेबीताई हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी मी चूप राह्यली. त्यानं माह्याकडं पाह्यलं होतं. मले आजवर जेवण गोड लागलं नाही."

फिकट रंगाचं सामान सांगून दोघं परतले. एसटीत बबनराव खिडकीकडे तोंड करून बसले होते.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच तांड्यावर गेले. भीमसिंग ट्रॅक्टर धूत होता. बबनरावांनी वाटेत पुष्कळ जुळवाजुळव केली होती, पण समोर गेल्यावर एवढंच निघालं, की चुकलं माझं, डाग माझेच होते. भीमसिंगनं पाइप खाली ठेवला.

"मले मालूमच होतं, भाऊ. पण तुम्ही तिथं सगळ्यायच्या समोर बोलले. इथं एकट्याले कायले सांगता?"

बबनराव तसेच परत आले. नवा थर वाळून टाकं पुन्हा सुरू झालं, त्या रविवारी त्यांनी भीमसिंगला फक्त येऊन जा म्हणून बोलावणं धाडलं. तो आला, पण फाटकाच्या आत आला नाही. काठावर माणसं होती, मैत्रेयीबाई होत्या. बबनराव उभे राहिले. मागं इथं जे डाग होते ते माझ्या तोंडचे होते, भीमसिंग तंबाखू खात नाही, मी खोटं बोललो, असं ते म्हणाले. आवाज इतका खाली गेला, की कोणीतरी "काय म्हणाले?" असं विचारलं आणि त्यांना सगळं पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं. कोणी हसलं नाही. एका बाईनं आपल्या मुलाला उगीच जवळ ओढलं. ते बबनरावांना फार लागलं.

भीमसिंगनं ट्रॅक्टर सोडला नाही. मैत्रेयीबाईंनी स्वतः जाऊन विनंती केल्यावर तो रविवारी तेवढा येऊ लागला. बबनरावांशी कामापुरतं बोलतो. बबनरावांचा खर्रा सुटलेला नाही, पण आता ते रस्त्यापलीकडं जाऊन खातात. बदामाखाली बसत नाहीत. नवा काठ छान झाला, असं कोणी म्हटलं की पायाकडे पाहत सांगतात, रंग बेबीनं निवडला.