भिंत ढकलणारे मास्तर

वर्गात शिरले की आमचे विज्ञानाचे मास्तर आधी दोन्ही तळवे लावून भिंत ढकलायचे. मानेच्या शिरा फुगायच्या, टोपी तिरकी व्हायची. मग वळून विचारायचे, "हलली?" पोरं ओरडायची, "नाही!"

"मग काम शून्य. घाम कितीका गळेना."

लढाईच्या दिवसांत मी कर्जतला त्यांच्याच शाळेत मराठी शिकवायचो. भिंतीच्या अलीकडे माझा वर्ग, त्यामुळे रोज माझाच जीव खालीवर व्हायचा. मास्तर आता नाहीत. भिंत आहे.

शिकवणं घरीही सुटत नाही अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मास्तरांची बायको, म्हणजे आमच्या काकू, डोक्यावर घागर घेऊन शेजारणीशी बोलत उभ्या राहिल्या की हे ओट्यावरून म्हणणार, "उभी आहेस तोवर काम शून्य बरं का." एकदा काकूंनी दिवसभर चूलच पेटवली नाही. "आज माझंही शून्य," म्हणाल्या. मास्तर मुकाट्यानं आमच्याकडे जेवायला आले आणि आमटी मागून मागून घेतली.

त्यांची एकुलती एक लेक खालापूरला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण "अमावास्या टळू द्या" म्हणत विहीणबाईंनी पाठवणं लांबवलं. अखेर मास्तर आणि काकू तिला घेऊन कर्जतच्या प्रवासी मोटारीत बसले. खालापूरच्या कचेरीतलं काम उरकून मीही त्याच गाडीत होतो. पेट्रोलची टंचाई, म्हणून गाडी कोळशाच्या गॅसवर चालायची. मागे भट्टी आणि आत धूर. पळसदरीच्या चढावर गाडीनं मान टाकली आणि तिथंच लेकीला कळा सुरू झाल्या. डॉक्टर कर्जतला.

लेक आणि काकू आत राहिल्या, बाकी आम्ही सगळे उतरून ढकलू लागलो. गाडी जागची हलेना. ड्रायव्हर भट्टीचा पंखा फिरवत म्हणाला, "गॅस बनू द्या. तवर ढकलून उपेग नाय."

सगळ्यांनी हात काढले. मास्तर काजळलेल्या पत्र्याला तळवे लावून ढकलतच राहिले. टोपी कधीच रस्त्यावर पडली होती.

एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "मास्तर, दम खावा जरा. आमी हाय ना."

मीही म्हटलं, "मास्तर, हलत नाहीये ती."

"माहीत आहे हो मला," ते म्हणाले. "पण हात काढवत नाही."

आतून लेकीचं कण्हणं ऐकू येत होतं. मला फार वाईट वाटलं. मीही त्यांच्या शेजारी हात लावून उभा राहिलो.

थोड्या वेळानं गॅस धरला. सगळ्यांनी मिळून जोर केला आणि गाडी धक्के खात चढ चढली. "थांबलो तर पुन्ना चालू व्हायची नाय," असं ओरडत ड्रायव्हरनं ती तशीच दामटली. आम्ही मागे राहिलो आणि चालत कर्जत गाठलं.

दवाखान्याच्या दारात काकू दुपट्यात बाळ घेऊन उभ्या होत्या. "नातू झाला. लेक सुखरूप आहे," त्या म्हणाल्या. "आधी हात धुऊन या."

मास्तरांनी ऐकलं नाही. काळे तळवे लांब धरून त्यांनी कोपरांच्या बेचक्यात बाळ घेतलं. डोळे भरून वाहत होते आणि पुसायला हात नव्हते. मी त्यांचा चष्मा काढून माझ्या धोतराला पुसला.