बांबूने घातलेला हार

समाजाने केलेला जाहीर सत्कार माणसाला उंचीवर नेतो. माझ्या आईचा सत्कार झाला तेव्हा तिला व्यासपीठाच्या खाली बाकावर बसवलं होतं, आणि हार आठ हात लांब बांबूने तिच्या गळ्यात घातला.

बांबूच्या टोकाला लोखंडी आकडा होता. आंबे उतरवायचा. स्वयंसेवकाने हार त्यात अडकवला आणि नेम धरला. पहिल्यांदा हार आईच्या कानाला घासून खाली पडला. त्याने तो बांबूनेच उचलला. दुसऱ्यांदा जमलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईसाठी की नेमासाठी, ते मला आजही सांगता येणार नाही.

आईच्या शेजारी हिरूबाय बसली होती. उरणकडची कोळीण. उजव्या हाताची बोटं आत वळलेली, गालावर चट्टा. तिच्या गळ्यात हार एका फटक्यात बसला. तिने मान थोडी पुढे केली होती. जाळं टाकणाऱ्यांच्या घरातली; अंतर तिला कळत असावं.

बाकाच्या मागे ट्रक उभा होता. इंजिन चालू. फळ्यांना आतून चुना फासलेला.

पनवेलमधल्या सभ्य गृहस्थांचं एक मंडळ होतं. त्याचं नाव देत नाही. ते फार लांब होतं. शहर महारोगापासून मुक्त करायचं, असा ठराव मंडळाने केला. मग तपासणी सुरू झाली. तपासायचं ते फक्त बाहेरून आलेल्यांना. रोग बाहेरूनच येतो, याबद्दल सभासदांची खात्री होती. हिवताप त्यांना घरच्या विहिरीवरच्या डासांनी होत असे, पण तो घरचा होता.

आम्ही बाहेरचे. माण तालुक्यातले. मी पाच वर्षांचा असताना मुकादम बायकापुरुषांची टोळी घेऊन घाट उतरला, त्यात आमचं घर होतं. खाडीकाठच्या मिठागरात काम. बाप दुसऱ्या वर्षी तापाने गेला. आई अठरा हंगाम राहिली. मिठागर ज्या शेठजींचं, तेच पुढे मंडळाचे अध्यक्ष झाले.

मीठ पिकवायचं तर आधी वाफ्याचा तळ पायाने तुडवून दगडासारखा करावा लागतो. अनवाणी. खाऱ्या पाण्यात. दिवसच्या दिवस. पहिल्या हंगामात पाय फाटतात. तिसऱ्या-चौथ्या हंगामात फाटायचे थांबतात. आईच्या टाचेवर काडेपेटीची काडी ओढली तर पेटायची. लहानपणी मी पेटवून पाहिली आहे. ती हसली होती.

मी शिकलो. सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झालो, प्राथमिक शाळेत मास्तर झालो. आमची जात शाळेला ठाऊक होती, पण मास्तरांची टंचाई जास्त ठाऊक होती. गावात एका घराच्या मागच्या अंगाला खोली मिळाली. आईला मिठागरातून सोडवून आणलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने आतून कडी लावता येईल असं दार पाहिलं. पहिले आठ दिवस ती दिवसाही कडी लावून बसायची. घरमालकीण तिला मावशी म्हणायची. पापड लाटायला बोलवायची. दोन वर्षं हे असं चाललं आणि मी समजलो की आम्ही आता इथले.

तपासणीला ते आले तेव्हा मी शाळेत होतो. मंडळाचे मानद डॉक्टर आणि दोन स्वयंसेवक. डॉक्टर तरुण, मुंबईला शिकून आलेले. बूट घालून घरात आले, असं आईने सांगितलं. तक्रार म्हणून नाही. बूट फार चांगले होते म्हणून.

"डोळं मिटाय सांगितलं. मिटलं. तळपायाला टाचणी टोचली आन् इचारलं, लागलं का. म्हणलं, न्हाई. परत टोचली. म्हणलं, न्हाई लागत, आणि टोचा."

"मग?"

"मग लिवून घेतलं."

ती खुशीत होती. परीक्षा चांगली गेलेल्या पोरासारखी. बधिर कातडी ही महारोगाची खूण, हे तिला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर चुन्याची फुली होती.

त्यानंतर कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. कपडे वाळत घालायची आमची दोरी कुणीतरी सोडून गुंडाळून उंबऱ्यावर ठेवली. नीट गुंडाळली होती. दूधवाला भांड्यात वरून धार धरायचा, निम्मं दूध जमिनीवर. नळावर आमची घागर बाजूला काढलेली असे. घागरीला हात लावलेला नसे, काठीने सरकवल्याची मातीत रेघ असे. घरमालकीण दोन दिवस खिडकीतून बघत राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मास्तर, आमची मुलं लहान आहेत हो." मावशी हा शब्द त्या वाक्यात नव्हता.

वर्गात चौदा मुलं कमी झाली. माझी खुर्ची फिनेलने धुतलेली, ओली. हेडमास्तरांनी बोलावलं.

"काही दिवस विश्रांती घ्या."

"मला काही झालेलं नाही."

"तेच म्हणतो. व्हायच्या आधी घ्या."

मग मंडळाचं पत्र आलं. जाड कागद. आपल्या मातोश्रींचा शाल व श्रीफळ देऊन यथोचित सत्कार करण्यात येईल व तदनंतर त्यांना घाटावरील आश्रमात सन्मानपूर्वक पोहोचते करण्यात येईल. नातलगांनी सोबत येण्याचे कष्ट घेऊ नयेत. पत्र मी तीनदा वाचलं. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. तिथून परत कधी, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

सत्काराच्या दिवशी सकाळी आईने खोली झाडली. ती सोडून जाणार होती तीच खोली. कपबशीचा एक तुकडा कोपऱ्यात राहिला होता. त्यावर तिचा पाय पडला.

"आई गं," ती म्हणाली.

मी वर पाहिलं. "लागलं?"

"मग? लागंल न्हाई तर काय."

"टाचणी टोचली तेव्हा?"

"तवाबी लागली. थोडी उशिरा लागती एवढंच. कातडं जाड हाय."

"मग नाही का म्हणालीस?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू शिकून मी मूर्ख झालो होतो. "टोचून इचारल्यावर हो म्हणायचं असतं व्हय? हो म्हणली की बाई घरी."

तेव्हा मला आठवलं. हंगामाच्या पहिल्या दिवशी बायका बांधावर रांगेत बसायच्या, पाय पुढे करून. मुकादम बाभळीचा काटा घेऊन एकेकीच्या तळपायात रोवायचा आणि तोंडाकडे बघायचा. जी हलली नाही ती कामावर. जिने पाय मागे घेतला तिला पुढच्या वर्षी ये म्हणायचा. आई अठरा वर्षं हलली नाही. समोर डॉक्टर आहे की मुकादम, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. टाचणी घेऊन आलेला माणूस तिच्या माहितीत एकाच कामासाठी येत असे.

मला हसू आलं. ते चांगलं हसू नव्हतं.

"चल," मी म्हणालो. "सत्काराला उशीर होतोय."

सत्कार म्हणजे जे वर सांगितलं ते. हारानंतर शेठजी बोलायला उभे राहिले. पांढरं उपरणं, बोटात पुष्कराज. ते म्हणाले, या भगिनींनी आपल्या शहराचं मीठ खाल्लं आहे, त्यांना आपण रिक्त हस्ते पाठवणार नाही. त्यातल्या एका भगिनीने ते मीठ पिकवलंही होतं, हे भाषणात आलं नाही.

मी गर्दीतून पुढे गेलो. पुढे जायला ढकलावं लागलं नाही. लोक आपोआप बाजूला होत होते.

"शेठजी, तुमच्या मुकादमाला बोलवा."

"कशाला?"

"मिठागरात बाई कामाला घेताना तो तळपायात काय रोवतो, आणि हललेल्या बाईचं काय करतो, ते इथे सांगू दे. माझ्या आईला टाचणी लागली होती. नाही म्हणायला ती तुमच्याकडे शिकली."

"मास्तर, ही जागा नाही," शेठजी म्हणाले.

"ठीक आहे. मग ती महारोगीच. अठरा वर्षं तिने तुमचे वाफे तुडवले. ते मीठ इथल्या प्रत्येक घरात बरणीत आहे. आज सकाळी आमटीत पडलंय."

कुणीतरी मागे थुंकलं. एका बाईने पोराच्या तोंडावर हात ठेवला. शेठजी हुशार माणूस. त्यांना माझ्यापेक्षा आधी सगळा हिशेब कळला.

"डॉक्टर," ते म्हणाले, "फेरतपासणी."

डॉक्टरांना खाली उतरावं लागलं. त्यांनी आईच्या दंडाला टाचणी लावली. आईने माझ्याकडे पाहिलं.

"खरं सांग," मी म्हणालो. "इथे कामाला लावत नाहीत."

"लागली," ती म्हणाली. पाठीवर. "लागली." मनगटावर. "अवं, लागली म्हणलं न्हवं."

शेठजींनी जाहीर केलं की अनवधानाने चूक झाली, या भगिनी पूर्ण निरोगी आहेत, मीठही अर्थातच. पुन्हा टाळ्या झाल्या. कोपऱ्यात उभी असलेली आमची घरमालकीणही टाळ्या वाजवत होती.

त्या क्षणी मी सुखी होतो. हे लिहावंसं वाटत नाही, म्हणून लिहितो. मी मान वर करून उभा होतो. आम्ही तसले नव्हतो.

तेव्हा हिरूबाय बोलली. तोवर तिचा कुणी आवाज ऐकला नव्हता.

"बरा झाला मास्तर. तुमची आय चांगली हाय. मना हाय रोग. मंग मी बसतंय ट्रकान."

राग नव्हता तिच्या बोलण्यात. ती उठायला लागली. वळलेल्या बोटांनी बाकाची कड पकडता येईना. दोन्ही स्वयंसेवक बघत उभे. बांबू त्यांच्या हातात होता.

मला खाली पाहावं लागलं. मी इतका वेळ काय सिद्ध करत होतो? की ट्रक बरोबर आहे, फक्त माणूस चुकला. फुली बरोबर आहे, दार चुकलं. डॉक्टरांची टाचणी माझ्याच हातात आली होती आणि मी ती नीट धरली होती.

आईने हिरूबायला काखेत हात घालून उठवलं. पहिल्यांदा त्या सबंध दिवसात कुणी कुणाला शिवलं.

"बाई, तुम्ही आता घरी जा," शेठजी आईला म्हणाले.

"कंच्या घरी?" आईने विचारलं.

घरमालकीण गर्दीत मागे सरकली.

मी डॉक्टरांकडे वळलो. "हिच्या रोगाला औषध आहे?"

"आहे. गोळ्या आहेत."

"घरी राहून घेता येतात?"

त्यांनी शेठजींकडे पाहिलं. मग चष्मा काढला. "येतात."

"हे तुम्हाला आज कळलं?"

ते चष्मा पुसत राहिले.

"हिला न्यायचा लेखी हुकूम दाखवा," मी शेठजींना म्हणालो.

"सेवेला हुकूम लागत नाही, मास्तर."

"मग न जायलाही लागत नाही."

कुणी अडवलं नाही. अडवायला हात लावावा लागला असता. आई, हिरूबाय आणि मी बाजारपेठेतून चालत निघालो. दुकानदार माल आत ओढत होते. दोघींच्या गळ्यात हार तसेच. इंजिनाचा आवाज बराच वेळ मागून येत राहिला. ट्रक आमच्या चालीने मागे येत होता. गावाची शेवटची घरं संपली तेव्हा तो थांबला. वळला नाही. तिथेच उभा राहिला.

करंजाड्याच्या बाजूला खाडीच्या बांधावर हिरूबायचं खोपटं होतं. तिच्या माणसांनी तिला तिथे ठेवलं होतं. आम्ही त्याला लागून दुसरं उभं केलं. तिसऱ्या दिवशी दुपारी दोन स्वयंसेवक चुन्याची बादली घेऊन आले. आमच्या खोपट्याला दार नव्हतं. ते थोडा वेळ विचार करत उभे राहिले. मग त्यांनी फुली पायवाटेवरच्या दगडावर काढली.

शाळेने मला कामावरून काढल्याचं पत्र कधीच पाठवलं नाही. माझ्या जागी दुसरा मास्तर आला एवढंच. हेडमास्तरांचा निरोप मात्र आला, निरोगी असल्याचा डॉक्टरी दाखला आणा, बघू. घरमालकिणीचाही आला. दाखला आणलात तर खोली आहे. डॉक्टर द्यायला तयार होते. फुकट. आईचा आणि माझा. हिरूबायचा अर्थात नाही.

मी आणला नाही.

आणणार नाही. निरोगी असल्याचा नाही, जातीचा नाही, कुठल्या गावचा त्याचा नाही. राहायला दाखला लागत असेल तर मी दाखल्याशिवाय राहीन, आणि ज्यांना मिळणार नाही त्यांच्या शेजारी राहीन. पुन्हा कुणी टाचणी घेऊन आला तर पाय पुढे करणार नाही. लागलं हेही सांगणार नाही, लागलं नाही हेही सांगणार नाही. आधी त्याला विचारीन, तू कोण. माझ्या आईने अठरा वर्षं जे विचारलं नाही, ते.

बांधावर आता सात खोपटी आहेत, सगळी फुली मिळालेल्यांची. ट्रक अधूनमधून येऊन लांब उभा राहतो.

डॉक्टरांनी पुढे पायाच्या भेगांवरचं एक मलम काढलं. बांधावर राहून माझेही पाय फाटले, म्हणून मी वापरून पाहिलं आहे. गुण येतो.