दुखायचं थांबलं की आधी काय कराल?

फिजिओथेरपीत किस्से शोधायला जावं लागत नाही. पेशंटच्या पाठीला शेकायची पिशवी लावली की त्याला उठता येत नाही आणि आपल्यालाही. मग गप्पा सुरू होतात. अमरावतीत माझ्याकडे असे किती साठलेत! पण हल्ली आठवतात ते वैशाली मॅडमसोबतच्या दिवसांतलेच.

मॅडम पुण्याच्या. सांधे, पाठ, खांदे यांच्या जुनाट दुखण्यावर त्यांचं संशोधन. शिकवलेला व्यायाम काही लोक नेटानं करतात, काही लगेच सोडतात, असं का, हे त्यांना शोधायचं होतं. मदतीला मी. आम्ही दोघी गावोगाव फिरायचो. प्रत्येकाला त्या एक प्रश्न हमखास विचारायच्या, "दुखायचं थांबलं की आधी काय कराल?"

काम संपलं, मॅडम पुण्याला परत गेल्या. तो प्रश्न माझ्या तोंडात राहिला.

* * *

सुरुवात तिवशाला झाली. एक काका म्हणाले, "खांदा दुखून राहिला."

मॅडम खूश. त्यांच्याकडे 'दुखायचं राहिलं' म्हणजे थांबलं. त्यांनी काकांचं अभिनंदन केलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. काका जागचे हलेनात. माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्या बाई अभिनंदन काहून करून राहिल्या? मी इथं मरून राहिलो."

* * *

दर्यापूरच्या शेवंताबाईंचे गुडघे गेलेले. प्रश्न विचारल्यावर म्हणाल्या, "विहारात खाली बसीन." वंदनेला सगळ्या बाया सतरंजीवर, आणि ह्या एकट्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीत. "माह्याच विहारात पाव्हणी वाटते मी."

मांडी घालणं त्या गुडघ्यांना जमणार नव्हतं, आणि मॅडमनी ते लपवलं नाही. पण व्यायाम करून बाई खुर्चीवरून बुटक्या स्टुलावर आल्या. स्टूल मैत्रिणींच्या रांगेत ठेवता येत होतं. आम्ही विचारलं, आता कसं वाटतं? म्हणाल्या, "आता बाजूची कुजबूज आयकू येते."

* * *

अकोल्याचे रामदासभाऊ एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. कंबरेनं बेजार. त्यांना पुन्हा एकदा चिखलदऱ्याच्या घाटातून गाडी न्यायची होती. एसटी आता कोणी हातात देणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी व्यायाम त्यांच्याइतका मन लावून कोणीच केला नाही. कंबर सुधारली. मुलानं नवी कार काढली आणि वडलांना चिखलदऱ्याला नेलं.

परतल्यावर मी विचारलं, घाट कसा होता?

"चांगला होता. मले मागच्या सीटवर बसवलं."

* * *

तिवशाच्याच एका आजीनं मॅडमना उलट विचारलं, तुमचं काय दुखते? मॅडम म्हणाल्या, मान. आजीनं त्यांना पुढ्यात बसवून मान दाबून दिली. मग गाव कोणतं, घरी कोण, सगळी चौकशी केली. मॅडमची लेक पुण्यात मॅडमच्या आईपाशी होती.

"मागं पाहू पाहू दुखत असन," आजी म्हणाली.



* * *

पातूरच्या निर्मलाताईंचा उजवा खांदा आखडलेला. हात खांद्याच्या वर जातच नव्हता. त्यांची मुलगी नर्स, तिला जर्मनीत नोकरी लागलेली; मुंबईपर्यंत ती रेल्वेनंच जाणार होती. मागे ती नागपूरला शिकायला निघाली तेव्हा अकोला स्टेशनवर गर्दीत आई तिला दिसलीच नव्हती. ताई बुटक्या, त्यात हात वर होईना. मुलगी खिडकीतून शोधत राहिली आणि गाडी सुटली.

"ह्या खेपेले तिले मी दिसली पाहिजे," एवढंच त्यांचं मागणं.

भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम मॅडमनी दिला. ताई स्वयंपाकघराच्या भिंतीवर तो करायच्या. डोळ्यांतून पाणी यायचं, तरी करायच्या. हळूहळू बोटं फडताळाच्या वर गेली. मुलगी जायच्या आधी आमची शेवटची भेट झाली तेव्हा हात कानाला लागत होता.

पुढे पातूरला गेलो तेव्हा मॅडमनी दारातच विचारलं, "गेला का हात वर?"

"गेला जी."

"मग? दिसला तिला?"

"दिसला. तिनंबी हलवला." ताई हातातलं भांडं पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "गाडी गेली, सारे लोक गेले. मंग तो खालीच येईना."