भोंग्याला पान्हवणारी म्हैस

पुण्याच्या कॉलेजात मानसशास्त्राच्या पहिल्याच तासाला सरांनी सांगितलं, कुत्र्याला रोज घंटा वाजवून खाऊ घातलं, की पुढे नुसत्या घंटेनंही त्याला लाळ सुटते. याला म्हणे अभिसंधान म्हणतात. एवढ्यासाठी कुत्रा कशाला छळायचा? आमच्या म्हशीला विचारायचं!

छप्पन-सत्तावन्नच्या सुमारास पिंपरीत, आमच्या शेताला लागूनच, नवा कारखाना उभा राहिला. त्याचा दुपारपाळीचा भोंगा झाला, की आई धार काढायला बसायची. वर्षभरात म्हैस अशी तयार झाली, की भोंग्याशिवाय पान्हाच सोडीना. रविवारी कारखाना बंद, म्हैसही बंद. शनिवारचं दूध पुरवून वापरायचं.

अशाच एका रविवारी बहिणीला बघायला पाहुणे आले. याआधीची तीन स्थळं 'पोरगी फार हसते' म्हणून मोडलेली. आईनं तिला बजावलं, "मान खाली. दात दिसले तर बघ!" बैठकीवर नवरामुलगा बसला, साताऱ्याकडचा, याच कारखान्यात लागलेला. शेजारी त्याचे मामा. आणि नेमकं चुलीवर चहाचं दूध नासलं.

आई गोठ्यात आली. "लेका, लई शिकतोस न्हवं? कर कायतरी!"

मी रॉकेलचं नरसाळं तोंडाला लावलं आणि भोंगा दिला. असा दिला, की पुनावळ्याचे कावळे उडाले आणि चाकणच्या बाजारात कांद्याच्या राशी ढासळल्या. म्हशीनं डोळे मिटले. चरवी भरली, बादली भरली, मी घमेलं आणायला घरात धावलो.

बघतो तर बैठकीवर मामा एकटेच! नवरामुलगा अर्धं वाक्य तोंडातच ठेवून उठला होता आणि एका पायात चप्पल अडकवून अंगणात सायकल ओढत होता.

"अरं ए, आज रविवार हाय!" मामा ओरडले.

सायकलला कुलूप होतं. तरी गडी ओढतोय! मान खाली घालून बसलेली बहीण खदखदून हसली. आईनं कपाळाला हात लावला. गेलं चौथं स्थळ!

तो लालबुंद होऊन परत आला. मामांनी घसा खाकरला, "पोरगी जरा..."

"थांबा, मामा." त्यानं थेट तिलाच विचारलं, "हसायला काय झालं? भोंगा वाजला न्हाई का?"

"भोंगा कुठला? आमचा दादा वरडला त्यो!"

मग तो असा हसला, की आढ्याची कौलं सरकली.

"मामा, ठरलं."

"व्हय, ठरलं! पर सुपारी फोडायच्या आधी ती चप्पल तरी काढ!"